डब्यातला मुरूम

सामंतबाईंना जाऊन तीन महिने होत नाहीत, तोच शाळेच्या मंडळाने त्यांच्या मैदानाच्या बरोब्बर मधोमध त्यांच्याच नावाचा चौथरा बांधायचं ठरवलं. दगडी चौथरा, वर संगमरवराची पाटी, चारी बाजूंना साखळी. दसऱ्याच्या मुहूर्तावर कुदळ मारायची.

हे सांगायला भाऊ प्रधान स्वतः घरी आले. भाऊ मंडळाचे अध्यक्ष. मुलुंडमध्ये शाळा निघाली तेव्हापासूनचे. माणूस वाईट नव्हता. बाई गेल्या तेव्हा स्मशानात सगळ्यात जास्त तेच रडले होते. नकाशा काढून आणला होता, तो त्यांनी पाटावर पसरला आणि बाईंच्या नवऱ्याला, श्यामकांतना, समजावून सांगायला लागले. श्यामकांत बंदराकडच्या एका कचेरीत कारकून. समोरचा माणूस जे बोलेल त्याला मान हलवायची, हा त्यांचा स्वभाव. बायको गेल्यापासून तर ते कोणी न बोलताही मान हलवायचे.

क्षमा दाराशी उभी राहून ऐकत होती. बाईंची एकुलती एक मुलगी. तिने पुढे होऊन नकाशावर बोट ठेवलं.

"मधोमध?"

"मधोमधच. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको?"

"मग मुली खेळतील कुठे?"

"खेळतील गं बाजूने. जागा काय कमी आहे?"

"खो-खो बाजूने खेळत नाहीत, भाऊ. मधे चौथरा आला की मैदान संपलं."

भाऊंनी चष्मा काढून पुसला. मग अगदी शांतपणे म्हणाले, "क्षमा, तू आहेस का शाळेत? नाहीस ना? मग शाळेचं शाळेला बघू दे."

नववीतून तिने शाळा सोडली होती, हे अख्ख्या मुलुंडला ठाऊक होतं. ती औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायची. श्यामकांतनी मान हलवली, भाऊंनी नकाशा गुंडाळला, चहा घेतला आणि गेले. क्षमा कपबशी विसळत मोरीत बसून राहिली. तिच्या मनात एकच होतं. आई गेली ती गेलीच, तिला कोणी परत आणणार नाही. पण मैदान जाता कामा नये. आईचं तेवढंच काय ते मागे उरलं होतं, बाकी दोन लुगडी आणि एक सायकल.

आता मैदान मैदान म्हणजे एवढं काय, असं कोणालाही वाटेल. त्यासाठी बाई काय चीज होती ते सांगायला लागेल.

बाईंचं नाव नलिनी, मूळची वेंगुर्ल्याची. बाप पोस्टात. पोहायला शिकली ती विहिरीत, कमरेला सुका भोपळा बांधून, आणि पुढे भोपळा सोडून खाडीत. माडावर चढायची. आई ओरडली की वरूनच ओ द्यायची. लग्न होऊन मुलुंडला आली तेव्हा इथे स्टेशनाच्या आसपास चार बंगले, थोड्या चाळी, बाकी भाताची खाचरं आणि मागे डोंगर. सासूला वाटलं, सून खिडकीत बसून माहेराला आठवत रडेल. सून खिडकीतून डोंगर बघत होती. पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला म्हणाली, "त्या वरच्या झाडापाशी काय आहे हो?" श्यामकांत जन्मात कधी तिथे गेले नव्हते. ती गेली. एकटी. परत आली ती पदरात करवंदं घेऊन. सासू दोन दिवस बोलली नाही, करवंदांचं लोणचं मात्र तिनेच घातलं.

मुलींची शाळा निघाली तेव्हा बाईंना भूगोल आणि कवायत शिकवायला घेतलं. कवायतीला दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. बाकीच्या मास्तरणी पाचवारी गोल साडीत यायच्या, नव्या फॅशनच्या. बाई भूगोलाला पाचवारीत आणि कवायतीला नऊवारीत. मधल्या सुट्टीत बदलायच्या. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, एकदा म्हणाल्या की हे जरा जुनाट दिसतं. बाई म्हणाल्या, "दिसू दे. धावायला काष्ट्यासारखं काही नाही." आणि खरंच, काष्टा मारून ती बाई धावायला लागली की बघत राहावं. पाय जमिनीला लागतात की नाही कळायचं नाही. खो-खोच्या खांबाशी जाऊन अशी वळायची की मागची पोरगी सरळ पुढे निघून जायची, कुंपणापर्यंत.

सायकलवरून शाळेत यायच्या. लोक बघायचे. बाई घंटी वाजवायच्या, लोक बाजूला व्हायचे. क्षमा पोटात असताना सातव्या महिन्यात बाई डोंगर चढून आल्या, असं अजून बायका सांगतात. क्षमाने एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, "खोटं आहे. सहावा होता."

शाळेला जागा मिळाली होती, पण मैदान म्हणाल तर भाताचं जुनं खाचर. दिवाळीपर्यंत चिखल, नंतर भेगा. पोरी धावल्या की पाय मुरगळायचे. मुरूम टाकायला हवा होता, पण मंडळ म्हणायचं, आधी वर्गांवर कौलं, मग मैदान. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

शनिवारी शाळा सकाळची. सुटली की बाई मुलींना घेऊन डोंगरावर जायच्या. भूगोल शिकवायचा म्हणून. वर उभं राहून दाखवायच्या, ही खाडी, ती मिठागरं, तो तलाव, ही वाट पवईकडे जाते. मुली डबे खायच्या. आणि उतरताना पायथ्याशी एक लाल मुरमाची दरड होती, तिथे थांबायचं. प्रत्येकीने आपला रिकामा डबा मुरमाने भरून घ्यायचा, शाळेत यायचं आणि मैदानात ओतायचा. एवढंच. डबाभर मुरूम म्हणजे किती? मूठ-दोन मुठी. पहिल्या वर्षी हसले सगळे. हसू दे म्हणाल्या बाई. शनिवार काही संपत नाहीत.

मैदान चौकटी-चौकटींनी भरत गेलं. बाई लाकडी धुम्मस घेऊन तो मुरूम ठोकायच्या, पाणी मारायच्या, परत ठोकायच्या. कुठल्या कोपऱ्यात कोणाचा डबा ओतला ते त्यांना तोंडपाठ. चार-पाच वर्षांत असं मैदान झालं की लांबलांबच्या शाळा खेळायला यायच्या आणि विचारायच्या, कंत्राट कोणाला दिलं होतं?

भानगडी झाल्याच. डबे घासून पण कोपऱ्यात खडा राहायचाच. मुलुंडमध्ये घराघरात वरणात कचकच. एकदा तर कमाल झाली. भाऊ प्रधानांची मुलगी शुभा याच शाळेत. सोमवारी सकाळी घाईत भाऊ स्वतःचा डबा सोडून तिचा डबा ऑफिसला घेऊन गेले. वर शिरा होता. तिसऱ्या घासाला दाताखाली खडा आला आणि दाढेचा टवका उडाला. संध्याकाळी ते गालाला हात लावून सामंतांच्या दारात. हातात डबा.

"बाई, हे काय आहे?"

"मुरूम," बाई म्हणाल्या.

"माझी दाढ गेली."

"बघू." बाईंनी खरंच त्यांना तोंड उघडायला लावलं. मग चपला घातल्या. "चला."

भाऊंना घेऊन त्या मैदानावर गेल्या, वरच्या खांबापासून थोडं अलीकडे त्यांना उभं केलं. म्हणाल्या, "हा तुमच्या शुभाचा. तुमच्या दाताखाली आला तो यातलाच. मी काढून घ्यायला तयार आहे, पण शोधायचा तुम्ही." भाऊ जमिनीकडे बघत राहिले. दाढेची तक्रार मोडूनच पडली. पुढच्या बैठकीत त्यांनी शाळेला रोलर मंजूर करून घेतला. क्षमा तेव्हा लहान होती, पण हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आईचा पदर धरून.

जानकीचं पण सांगायला हवं. जानकीचा बाप गिरणीत होता, मंडळी मालवणाकडची. पोरगी काटक, वाऱ्यासारखी. ती शहाणी झाली तशी तिच्या आईने, सुगंधाने, खेळ बंद केला. मोठ्या मुलीने धावायचं नाही. बाई तिच्या चाळीत गेल्या. सुगंधा तांदूळ निवडत होती. बाई समोर बसल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या. जानकीचं नाव काढलं नाही. गावची माणसं, यंदाचे आंबे, असलं बोलत राहिल्या. सूप रिकामं झाल्यावर म्हणाल्या, "सुगंधाबाई, पुढचा शनिवार मला द्या. जानकी नको. तुम्ही या."

सुगंधा आली. डोंगराच्या पायथ्याशी तिने चपला काढून हातात घेतल्या आणि जी सुटली ती सगळ्या पोरींच्या पुढे. मुंबईत आल्यापासून तिच्या पायाला चढण लागली नव्हती. वर जाऊन बसली आणि खाडीकडे बघत राहिली. उतरताना तिनेही ओच्यात मुरूम घेतला. त्यानंतर जानकी मॅट्रिकपर्यंत खेळली आणि शनिवारी दोन-चार आया पण यायला लागल्या.

अशा बाईच्या पोटी क्षमा. आणि क्षमाला वर्गात बसवायचं नाही. बाकावर बसलं की पायाला मुंग्या. बीजगणिताच्या मास्तरांनी दुसऱ्यांदा नापास झाल्यावर सगळ्यांसमोर म्हटलं, सामंतबाईंची मुलगी म्हणून इतके दिवस ठेवली. क्षमाने दप्तर उचललं आणि तासातून बाहेर पडली ती कायमची. घरी येऊन आईला सांगितलं, मी परत जाणार नाही. मार, काय करायचं ते कर.

आईने मारलं नाही. संध्याकाळी क्षमा तिला शोधत मैदानावर गेली तर आई एकटीच धावत होती. खो नाही, खेळ नाही. नुसती कुंपणाच्या कडेने गोल. चेहरा लाल झालेला. क्षमा फाटकाशी उभी राहिली. बऱ्याच फेऱ्यांनी आई तिच्यापाशी थांबली, धाप लागलेली, आणि म्हणाली, "शाळा सोडलीस. बरं. शनिवार सोडायचा नाही."

क्षमाने सोडला नाही. कारखान्यात लागल्यावर सुद्धा शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटून ती तडक डोंगराकडे यायची. मुली उतरत असायच्या, ही चढायची. आई तिच्यासाठी पायथ्याशी थांबायची.

त्या साली सगळीकडे तापाची साथ होती. जिला कधी शिंक आली नाही ती बाई तापाने पडली, आणि आठवडाभरात गेली. शेवटी शेवटी बडबडत होती ती पण कोणाला तरी धाव धाव म्हणत होती. तिला कसं आवरायचं हे श्यामकांतना कळेना. क्षमाने तिचा हात धरून ठेवला. सांगण्यासारखं एवढंच.

तर आता चौथरा. क्षमाने काय केलं नाही? मोठ्या बाईंना भेटली. त्या म्हणाल्या, मलाही पटत नाही, पण बाईंच्या नावाला विरोध केला असं दिसेल. नावाला विरोध कोण करतंय, क्षमा म्हणाली, जागेला विरोध आहे. त्या म्हणाल्या, लोकांना तेवढा फरक कळत नाही. शुभाचं लग्न होऊन ती ठाण्याला गेली होती, तिला निरोप धाडला. भाऊंकडे पुन्हा गेली. भाऊ म्हणाले की पाटी कोरायला गेली, पत्रिका वाटल्या, दसऱ्याचा मुहूर्त आहे, आता काय पोरखेळ आहे का? आणि खरं सांगायचं तर त्यांना मनापासून वाटत होतं की ते बाईंचा मान करतायत. असल्या माणसाशी भांडता येत नाही. वाईट माणूस परवडला.

घरात बाईंच्या खाटेखाली खो-खोचे दोन खांब पडून होते. शाळेच्या कोठीत वाळवी लागते म्हणून बाई ते दरवर्षी घरी आणायच्या. ज्येष्ठात खांब काढायचे, पाऊसभर मैदानाला विश्रांती, आणि खंडेनवमीला परत पुरायचे. खंडेनवमीला सुतार करवत पुजतो, गवंडी थापी पुजतो. बाई खांब पुजायच्या. खांब, धुम्मस, दोरी, शिट्टी. हळदकुंकू, झेंडूची माळ, साखरेचा नैवेद्य. त्या दिवशी खेळायचं नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला बाई शिट्टी वाजवायच्या आणि वर्षाचा पहिला डाव व्हायचा. सगळ्या मुलींना हे इतकं पाठ होतं की दसऱ्याला सोनं वाटायला त्या आधी मैदानावर यायच्या आणि मग नातेवाइकांकडे जायच्या.

नवमीच्या सकाळी क्षमाने खाटेखालून खांब ओढले. वडील म्हणाले, "यंदा आपल्याला सण नाही, क्षमा." वर्षाच्या आत घरात सणवार करत नाहीत, हे तिला माहीत होतं.

"सण नाही करत. पुजत पण नाही," ती म्हणाली. "नुसते उभे करते. उद्या खणायच्या आधी एकदा उभे राहू देत."

श्यामकांत मान हलवतील असं वाटलं होतं. ते उठले आणि दुसरा खांब त्यांनी खांद्यावर घेतला.

फाटक धोंडूने उघडलं. धोंडू शाळेचा शिपाई, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या समोरच्या गावचा, बाईंशी नेहमी मालवणीत बोलायचा आणि बाई पण त्याच्याशी. त्याने खांब बघितले आणि आतून पहार आणून दिली. मैदानाच्या मधोमध भाऊंनी चुन्याने चौथऱ्याची चौकट आखून ठेवली होती. खांबांचे जुने खड्डे तिच्या दोन बाजूंना होते. क्षमाने खणलं, वडिलांनी खांब धरला, धोंडूने माती लोटली. क्षमाने धुम्मस उचलून बुंध्याशी ठोकायला घेतलं तेव्हा धोंडू म्हणाला, "बाय गो, बेतान ठोक. आज नवमी मां."

खांब उभे राहिले. शिट्टी तिने दोरीने एका खांबाला बांधली. मग ती कारखान्यात गेली, कारण नवमीची पूजा तिथेही होती. लेबलांचं मशीन धुऊन पुसून झेंडूने सजवलेलं. एरवी त्याच्यावर खेकसणारा फोरमन त्याच्यासमोर हात जोडून उभा होता. आज कोणी हात लावायचा नाही, म्हणाला. क्षमाने पेढा घेतला नाही, सुतक-वर्ष म्हणून बाजूला उभी राहिली. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं की आईचे खांब यंदा तसेच कोरडे उभे आहेत.

उन्हं उतरताना परत येऊन बघते तो खांब ओळखू येईनात. बुंध्यापासून वरपर्यंत झेंडू. हळदकुंकवाची बोटं. एकीची नाहीत, कितीतरी बायकांच्या बोटांचे ठसे, वर, खाली, वाटेल तिथे. धुम्मस पुजलेली, शिट्टी पुजलेली. खाली नारळ, साखर, कोणी घरची करंजी ठेवलेली. जानकी कडेवर पोर घेऊन उभी होती, बाजूला सुगंधा.

"मी नव्हतं सांगितलं कोणाला," क्षमा म्हणाली.

"धोंडूने सांगितलं," जानकी म्हणाली. "मी सुगंधाबाईंना सांगितलं." ती आईला नावानेच हाक मारायची, बाईंचं ऐकून. "त्यांनी अख्ख्या चाळीला. तुला चालत नाही ते माहितीय. आम्हाला चालतं ना."

सुगंधा म्हणाली, "तुझ्या आवशीची पूजा नाय ही. खांबांची आसा. दरवर्षाचीच."

दसऱ्याच्या सकाळी भाऊ आले. नवं धोतर, कोट, हातात चांदीच्या मुठीची कुदळ. मंडळाची माणसं, मोठ्या बाई, पाटी गुंडाळून आणलेली. आणि भूमिपूजनाला शाळेची पूजा सांगणारे नेहमीचे गुरुजी. फाटकातून आत आले आणि थबकले. मैदानावर बायकाच बायका. जुन्या मुली, त्यांची पोरं, आया. ठाण्याहून शुभा. कोणी आरडाओरडा करत नव्हतं, कोणाच्या हातात फलक नव्हता. दरवर्षी दसऱ्याला यायच्या तशा आल्या होत्या. मधे दोन खांब, झेंडूंनी भरलेले.

भाऊंनी क्षमाकडे बघितलं. "हे तू केलंस?"

"खांब मी पुरले," ती म्हणाली. "काढायचे तर काढा. मी अडवणार नाही."

भाऊ गुरुजींकडे वळून म्हणाले, खांब बाजूला करून पूजा सुरू करू. गुरुजींनी खांबांना एक फेरी मारली, वाकून हळद बघितली.

"काल पुजले?"

"काल," सुगंधाने सांगितलं.

"मग असे नाही उपटता येत. नवमीला हत्यार पुजलं की दसऱ्याला ते चालवायचं, मग काय ते. न चालवता उपटलं तर अपमान होतो. तुमच्या कचेरीत दौत-टाक पुजता, दसऱ्याला एक ओळ लिहिता ना? तसंच."

भाऊ जरा गोंधळले. "म्हणजे काय करायचं?"

"खांब कशाला असतात? खेळायला. एक डाव होऊ दे. मुहूर्त दुपारपर्यंत आहे, मला घाई नाही." आणि गुरुजी सावलीत जाऊन बसले.

सगळ्यांनी क्षमाकडे बघितलं. खांबाला बांधलेल्या शिट्टीला हळद लागली होती. आई गेल्यापासून ती शिट्टी तिने ओठाला लावली नव्हती. तिने वडिलांकडे बघितलं. श्यामकांत कुंपणाशी उभे होते. त्यांनी मान हलवली, पण नेहमीसारखी नाही.

तिने शिट्टी वाजवली.

आठ जणी दोन खांबांच्या मधे ओळीत बसल्या, बाकीच्या पळायला उतरल्या. कोणी फ्रॉकमध्ये, कोणी पाचवारीत पदर खोचून, जानकी काष्टा मारून. तिचं पोर धोंडूकडे. डाव काही भारी झाला नाही, खरं तेच सांगायचं. कितीजणींना वर्षानुवर्षं धावायची सवय नव्हती, दोन खो चुकले, एक बाई धावता धावता हसूनच बसली. पण जानकी वरच्या खांबावर आली आणि अशी वळली की पाठलागवाली सरळ कुंपणापर्यंत गेली. क्षमाने ओळखलं. तीच वळायची तऱ्हा. शिकवलेली.

त्या वळणावर शुभा बसली होती. खो मिळाला तशी ती उठली, धावली, आणि भाऊंच्या समोरून गेली. भाऊ खुर्चीत बसले होते, कुदळ मांडीवर आडवी. त्यांनी तिच्या पायांकडे बघितलं. पायाखालच्या लाल मुरमाकडे. त्यांची जीभ गालात एका जागी गेली, त्याच दाढेपाशी, आणि तिथेच राहिली.

डाव संपला तेव्हा ते उठून मैदानात आले. क्षमाच्या जवळ उभे राहिले.

मग हळू आवाजात म्हणाले, "शुभाचा कुठला गं? बाईंनी दाखवला होता मला. विसरलो."

क्षमा त्यांना वरच्या खांबापासून थोडं अलीकडे घेऊन गेली. "हा."

"आणि बाकीचा?"

"हा जानकीचा. तिकडचा सुगंधाबाईंचा, ओच्यातला. हा पाटणकरांच्या दोघींचा. इथला माझा." ती चुन्याच्या चौकटीत उभी होती. "मधला सगळा पहिल्या वर्षाचा. तेव्हा सगळे हसायचे."

भाऊंनी चौकटीकडे बघितलं, कुदळीकडे बघितलं. "मग इथे खणायचं कसं," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

मंडळाच्या चिटणिसांनी पत्रिकांची आठवण केली. भाऊ म्हणाले, पत्रिकेत जागा कुठे छापलीय? चौथरा होईल, दसऱ्यालाच होईल, फक्त जरा सरकेल. आणि कोट सांभाळत ते कुंपणाकडे चालत गेले, नळाच्या बाजूला एक चिंच होती तिथपर्यंत. पायाने जमीन ठोकून बघितली. गुरुजींना हाक मारली.

तर चौथरा चिंचेखाली झाला. साखळी काही बसली नाही, चिंचेच्या मुळांमुळे. पाटीवर बाईंचं नाव आहे, खाली आदर्श माता, आदर्श शिक्षिका वगैरे. क्षमाने ती पूर्ण कधी वाचली नाही. मुली त्याच्यावर बसून केड्सच्या नाड्या बांधतात, डबे ठेवतात. चिंचा पडतात.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी क्षमा कारखान्यातून सुटून डोंगराकडे गेली. मुली उतरत होत्या, आता त्यांच्याबरोबर नव्या कवायतीच्या बाई होत्या, धापा टाकत. पायथ्याशी क्षमासाठी कोणी थांबलेलं नव्हतं. ती वर गेली, थोडा वेळ बसली. खाली मैदान दिसत होतं, लाल, दोन खांबांचे दोन ठिपके. उतरताना ती दरडीपाशी थांबली. मैदान भरून तर कधीच झालं होतं, पण खांबांच्या बुंध्याशी धावून धावून खळगा पडतोच. तिने डबा काढला, पालथा करून झटकला आणि भरून घेतला.